हवालदाराचा डाव, सरनोबताचा डाव

मार्च १६७३ मध्ये कोंडाजी फर्जंद अवघ्या साठ माणसांनिशी पन्हाळ्यावर चढला आणि गड घेतला. गड परत मिळवायला विजापूरहून बहलोलखान निघाला. त्याला वाटेतच अडवायला सरनोबत प्रतापराव गुजर निघाले आणि एप्रिलमध्ये उंबराणीच्या माळावर दोन्हीकडची हजारो घोडी समोरासमोर आली. पुढच्या वर्षी, २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, नेसरीजवळ हेच प्रतापराव सहा स्वारांसह त्याच बहलोलखानावर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. साठ माणसं, हजारो माणसं, सात माणसं. एका वर्षाच्या आत एकाच संघर्षाने लढाईची तीन मापं दाखवली.

प्रतापराव मूळचे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातले, भोसरे गावचे. उंबराणी, म्हणजे आजचं उमराणी, सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात. या दोन जिल्ह्यांत मुलं दर दिवाळीला अंगणात किल्ला करतात आणि त्यावर मातीचे मावळे मांडतात, म्हणून या प्रकरणातला प्रश्न इथल्या वाचकाला ओळखीचा वाटेल. प्रश्न असा: छोट्या चकमकीसाठी लिहिलेले टेबलावरच्या युद्धखेळाचे नियम मोठ्या लढाईला कसे लावायचे? आणि नुसते सैनिक वाढवले तर ते का चालत नाही?

युद्धखेळ म्हणजे धातूचे किंवा प्लॅस्टिकचे छोटे सैनिक, टेबलावर उभारलेली टेकाडं आणि झाडी, मोजपट्टी आणि फासे. पट चौकटींचा नसतो. सैनिक किती इंच सरकेल, बाण किती इंचांवर पोचेल, दोन तुकड्या भिडल्या की कोण मागे हटेल, हे सगळं नियमांचं पुस्तक ठरवतं. असे खेळ युरोपात आणि अमेरिकेत हजारो लोक हौसेने खेळतात. आपल्याकडे हा छंद अजून मोजक्या घरांत आहे, पण त्याचं अर्धं सामान घरोघरी तयार आहे. लाल माती, पोती, दगड, मोहरी-अळिवाची हिरवळ यांतून जो दिवाळीचा किल्ला उभा राहतो, तो कुठल्याही परदेशी खेळगड्याच्या टेबलापेक्षा उणा नसतो. फरक एवढाच की आपला किल्ला बघायचा असतो आणि त्यांचं टेबल खेळायचं असतं. बाजारातून आणलेला मावळा बहुतेक वेळा गडाच्या दरवाज्याहून उंच असतो, तोफ तटाहून रुंद असते, आणि तरीही पाहणाऱ्याला खटकत नाही. मुलाच्या मनात मावळा महत्त्वाचा, म्हणून तो मोठा. मापाची ही समजूत बालिश नाही. पुढे दिसेल की मोठ्या लढाईचे सगळे चांगले नियम हेच करतात: जे महत्त्वाचं ते मोठं ठेवतात, बाकीचं बेधडक लहान करतात.

या खेळांचा मूळपुरुष बुद्धिबळच. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ साली नूतन बुद्धिबळ मंडळ काढलं आणि गाव बुद्धिबळाचं केलं, तेव्हा इथल्या वाचकाला चतुरंगाची ओळख करून द्यायला नको. हत्ती, घोडा, रथ, पायदळ ही सेनेची चार अंगं पटावर आली. पण एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. बुद्धिबळात एका खेपेला एकच मोहरं हलतं. सोळा मोहऱ्यांची फौज, आणि सेनापतीला एका वेळी एकच हुकूम सोडता येतो. बाकी पंधरा जण जागच्या जागी उभे. लढाईच्या दृष्टीने बुद्धिबळातली ही सर्वांत खरी गोष्ट आहे, असं माझं मत आहे.

१७८० मध्ये ब्रन्सविकच्या हेलविग नावाच्या शिक्षकाने बुद्धिबळाचा पट शेकडो चौकटींचा केला, त्यावर नद्या-डोंगर आणले. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातला तरुण अधिकारी राइसविट्झ याने चौकटीच काढून टाकल्या. त्याचा खेळ १:८००० प्रमाणाच्या खऱ्या नकाशावर चाले, एक फेरी दोन मिनिटांची असे, आणि मध्ये एक पंच बसे. खेळाडू आपले हुकूम पंचाला देत. ते हुकूम तुकडीपर्यंत पोचायला किती वेळ लागला, समोरचा शत्रू दिसला की नाही, हे पंच ठरवी. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्सने ‘लिटल वॉर्स’ लिहून हा खेळ छावणीतून घरच्या दिवाणखान्यात आणला. त्याची स्प्रिंगची तोफ लाकडी गोळा खरोखर उडवी आणि पडेल तो सैनिक मेला असं धरत.

मध्ययुगीन लढायांच्या खेळांचा एक महत्त्वाचा टप्पा १९७१ चा, अमेरिकेत. जेफ पेरेन आणि गॅरी गायगॅक्स यांच्या ‘चेनमेल’मध्ये मुख्य नियम मोठ्या लढाईचे होते, एक बाहुलं म्हणजे वीस माणसं. त्याच पुस्तकात एकास एक लढतीचे वेगळे नियमही होते. लोकांना एकेकटा वीर इतका आवडला की त्यातूनच १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघालं. म्हणजे तिथे प्रवास मोठ्याकडून छोट्याकडे झाला. आपल्याला उलट दिशेने जायचं आहे, आणि तो रस्ता जास्त चढाचा आहे.

उदाहरणासाठी एक लोकप्रिय छोटा खेळ घेऊ: डॅनियल मर्सी यांचा ‘लायन रॅम्पंट’, २०१४ चा. त्यात प्रत्येकाकडे साधारण सहा तुकड्या असतात, तुकडीत बारा किंवा सहा बाहुली. आपल्या खेपेला एकेका तुकडीला हुकूम द्यायचा: चाल, मारा कर, तुटून पड. हुकूम दिला की दोन फासे टाकायचे. दोन्हींची बेरीज ठरलेल्या आकड्याइतकी किंवा जास्त आली तर तुकडी ऐकते. कमी आली तर ऐकत नाही, आणि तुमची खेप तिथेच संपते. उरलेल्या तुकड्या उभ्याच. हा नियम मला फार आवडतो. त्यामुळे खेळाडू प्रत्येक खेपेला विचारतो: सगळ्यांत गरजेचं काय? ते आधी.

आता याच नियमाने वीस तुकड्या खेळवायला घ्या. समजा बेरीज ५ किंवा जास्त हवी. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ३० त्यात बसतात, म्हणजे सहापैकी पाच वेळा तुकडी ऐकणार. चांगलंच की! सहा तुकड्या असतील तर सहाच्या सहा हलण्याची शक्यता तिसऱ्या हिश्शाइतकी असते आणि सरासरीने एका खेपेत तीनपेक्षा थोड्या जास्त हलतात. वीस तुकड्या असतील तर? आकडेमोड केली तर सरासरी पाचच्या आत येते. वीसच्या वीस हलण्याची शक्यता शंभरात तीनसुद्धा नाही. फौज तिपटीहून मोठी झाली, पण चालणारे पाय दीडपटही झाले नाहीत. उरलेल्या पंधरा तुकड्या शोभेच्या मावळ्यांसारख्या टेबलाच्या कडेला दिवसभर उभ्या राहतात. खेळणारे कंटाळतात आणि मग पहिली तोडमोड करतात: ‘हुकूम चुकला तरी खेप संपत नाही’ असं ठरवतात. वीसच्या वीस तुकड्या दर खेपेला फासे टाकू लागतात, एक फेरी अर्धा तास खाते, आणि रात्रीचे अकरा वाजले, पानं वाढायची वेळ टळून गेली, तरी लढाई निकालात निघत नाही. शिवाय खेळाचा आत्माच जातो, कारण आता निवड उरत नाही. सगळ्यांना सगळं सांगता येतं.

खऱ्या फौजेने हे कोडं कसं सोडवलं होतं? सभासद बखरीत शिवकाळातल्या पागेची रचना दिली आहे. २५ बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदारांचा एक जुमला, त्यावर जुमलेदार, म्हणजे १२५ घोडी. दहा जुमल्यांवर एक हजारी, म्हणजे १,२५०. पाच हजाऱ्यांवर पंचहजारी, आणि सगळ्यांवर सरनोबत. या उतरंडीत सरनोबत एकेका बारगिराशी बोलत नाही. तो आपल्या खालच्या पायरीशी बोलतो, ती पायरी तिच्या खालच्याशी. माझ्या मते मोठ्या लढाईचा नियम करणाऱ्याने सगळ्यांत आधी हे ठरवावं की टेबलाशी बसलेला माणूस या शिडीच्या कुठल्या पायरीवर उभा आहे. ‘लायन रॅम्पंट’मधला खेळाडू दोन-चार हवालदारांवरचा जुमलेदार आहे. तुकडीतला बारावा माणूस पडला हे त्याला दिसतं, आणि दिसायलाच हवं. उंबराणीच्या टेबलावरचा खेळाडू सरनोबत आहे. त्याला बारावा माणूस दिसत नाही. त्याला धुळीचा लोट दिसतो आणि त्यात कुणाचं निशाण आहे एवढं कळतं. बाहुल्यांची संख्या हा नंतरचा प्रश्न.

एकदा हे ठरलं की वरची गाठ सुटते. वीस तुकड्या चार हजाऱ्यांत वाटा, प्रत्येकाकडे पाच. प्रत्येक हजारी आपली स्वतंत्र खेप खेळतो: त्याच्या एका तुकडीने हुकूम मोडला तर त्याची खेप संपते, बाकी तिघांची नाही. आता गणित करा. पाचांत सरासरी तीन हलतात, चौघांच्या मिळून बारा. वीसपैकी बारा हलल्या, आठ अडखळल्या. चांगल्या फौजेच्या चांगल्या दिवसाचं हे चित्र आहे. शिवाय कुठल्या आठ अडखळतील हे सरनोबताच्या हातात नाही, आणि तेच हवं. याच वाटेने पण जास्त कडक नियम फिल बार्कर यांच्या १९९० च्या ‘डी.बी.ए.’मध्ये आहे. तिथे प्रत्येकाकडे बाराच ठोकळे, आणि खेपेच्या सुरुवातीला टाकलेल्या एका फाशावर जितके ठिपके तितकेच हुकूम. बुद्धिबळातला एक हुकूम आणि चकमकीतले सगळे हुकूम यांच्या मधला हा टप्पा आहे. मला हजाऱ्यांची पद्धत अधिक पसंत, कारण तीत माणसं दिसतात. एक हजारी चपळ, एक जपून चालणारा, एक सरनोबताशी जरा रुसलेला, असे स्वभाव प्रत्येकाच्या आकड्यात एक कमी-जास्त करून सहज बसवता येतात.

आता जमीन. हौशी लोक वापरतात ती बाहुली बहुधा २८ मिलिमीटर उंच असतात, म्हणजे खऱ्या माणसाच्या साधारण साठावा भाग. त्याच प्रमाणात सहा फूट लांब टेबल म्हणजे ३६० फूट, जेमतेम ११० मीटर. शाळेचं मैदानसुद्धा त्यात पुरतं बसणार नाही. साठ माणसांनी गडाचा एक कोपरा लढवण्याचा खेळ तिथे रंगतो. उंबराणीला त्यात जागाच नाही. म्हणून जमिनीचं माप बाहुल्याच्या मापापासून तोडायचं, अगदी दिवाळीच्या किल्ल्यावर तोडतात तसं, फक्त हिशोबाने. एक इंच म्हणजे २५ मीटर धरा. सहा फूट बाय चार फुटांचं टेबल १,८०० मीटर बाय १,२०० मीटरचा माळ होतं. दोनशे मीटरवर पोचणारा बाण आठ इंच जातो. ‘लायन रॅम्पंट’मधले अठरा इंच तसेच ठेवले असते तर तिरंदाज जवळजवळ अर्ध्या किलोमीटरवर नेम धरून बसले असते.

या मापात जुमला किती जागा घेईल? गुडघ्याला गुडघा लावून चालणाऱ्या घोड्याला बाजूने सुमारे एक मीटर लागतो. १२५ घोडी दोन रांगांत उभी केली की साठ-बासष्ट मीटर, म्हणजे अडीच इंच. अडीच इंचांच्या पुठ्ठ्यावर २८ मिलिमीटरचे दोन स्वार नीट बसतात. हा एक जुमला. दहा पुठ्ठे म्हणजे हजारी, दोन-दोन पुठ्ठ्यांच्या पाच तुकड्या. चार हजाऱ्यांना ४० पुठ्ठे आणि ८० स्वार लागतात. रंगवायला वेळ लागेल, पण हा आकडा आवाक्याबाहेरचा नाही. आणि इथे एक गंमत आपोआप घडते. एका हजारीची पूर्ण फळी २५ इंच, चारांच्या १०० इंच, आणि टेबल ७२ इंचांचंच. चौघांना एका ओळीत उभं करणं शक्यच नाही. कुणीतरी मागे राहणार. राखीव फळी ठेवा असा नियम लिहावा लागत नाही. माळ आणि घोडी यांचं मापच ती ठेवायला लावतं.

वेळेचा हिशोब मात्र बहुतेकांना चकवतो. दुडक्या चालीने घोडा मिनिटाला सुमारे दोनशे मीटर कापतो, म्हणजे आपल्या टेबलावर आठ इंच. मग दहा मिनिटांच्या फेरीत स्वार ८० इंच जायला हवा, टेबलाच्या पार पलीकडे. तरीही चांगल्या खेळांत घोडदळाला फेरीला दहा-बारा इंचच देतात. कारण दहा मिनिटांत घोडी दहा मिनिटं धावत नाहीत. जासूद येतो, हजारी त्याचं ऐकतो, समोर बघतो, मागे राहिलेला जुमला येईपर्यंत थांबतो, निशाण हलतं, आणि मग शेवटचं मिनिट-दीड मिनिट घोडी धावतात. फेरी म्हणजे एका हुकुमाचं आयुष्य. राइसविट्झने पंच बसवला तो याच मधल्या वेळासाठी.

फाशांबद्दलही एक सूक्ष्म गोष्ट आहे, आणि मोठे खेळ बिघडतात त्याचं ते मोठं कारण आहे. चकमकीत तुकडी बारा फासे टाकते, ४ किंवा जास्त आलं की घाव. सरासरी सहा घाव, पण चार किंवा आठ येणं नेहमीचं, कधी तीन, कधी नऊ. त्यात धाकधूक असते. पाच तुकड्यांची एक केली आणि साठ फासे टाकले तर सरासरी तीस, आणि निकाल बहुतेक वेळा सव्वीस ते चौतीसच्या आतच पडतो. बारा फाशांत चढउतार सरासरीच्या सुमारे २९ टक्के असतो, साठ फाशांत १३ टक्के. फासे वाढवले की नशीब वाढतं असं वाटतं, घडतं उलट. साठ फासे जवळजवळ ठरलेलं उत्तर देतात, ते मोजायला मात्र पाच मिनिटं जातात. म्हणून मोठ्या लढाईत फासे कमीच ठेवावेत, आणि अनिश्चितता घावांतून काढून हुकुमांत न्यावी. तलवार किती लागली यापेक्षा निरोप पोचला की नाही, हे त्या पायरीवरच्या माणसाला जास्त सतावतं.

मेलेल्यांचा हिशोबही सोडून द्यावा. घोडदळाची फळी शेवटचा माणूस पडेपर्यंत लढत नाही. ती त्याच्या फार आधी विस्कटते. म्हणून बाहुली उचलण्याऐवजी तुकडीशेजारी खुणा ठेवायच्या, लाल मणी चालतील. तीन मणी झाले की तुकडी मागे फिरते. हजाऱ्याच्या पाचपैकी तीन तुकड्या फिरल्या की त्याचं सगळं दळ मैदान सोडतं. पागा आणि शिलेदार यांत इथे फरक ठेवावा असं मी सुचवेन. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा. घोडा गेला की शिलेदाराची रोजीच गेली. शिलेदारांच्या तुकडीला पाठलागाचा हुकूम सोपा आणि दाट फळीवर सरळ चालून जाण्याचा अवघड, एवढं केलं तरी दोन्ही दळं वेगळी वागू लागतात.

एवढी तयारी झाली की उंबराणी मांडता येते. जत तालुक्यातला एप्रिल ज्याने पाहिला आहे त्याला ही लढाई समजावून सांगावी लागत नाही. प्रतापरावांनी तलवारीने जिंकण्याआधी पाण्याने जिंकलं. बहलोलखानाची फौज आणि पाणवठा यांच्या मध्ये मराठे उभे राहिले. त्या उन्हात माणसं आणि जनावरं तहानेने व्याकूळ झाली, फळ्या फोडायचे प्रयत्न झाले, आणि अखेर खानाने वाट मागितली. मराठ्यांच्या हाती एक हत्तीही लागला. हे चकमकीच्या नियमांत बसतच नाही. चकमक घटका-दोन घटकांची, तिच्यात कुणी तहानेने हरत नाही. सभासदाने हवालदाराच्या पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी, म्हणजे पाणी वाहणारा, नोंदवला आहे. पखालजीचं काम त्या दिवशी विजापुरी फौजेत काय झालं असेल, हे मनात आणलं की पाण्याचा नियम का हवा ते कळतं.

टेबलाच्या मधोमध, जरा मराठ्यांच्या बाजूला, तळं ठेवा. विजापुरी चार सरदार एका कडेला, दोन मराठे हजारी तळ्यापुढे, तिसरा बगलेला, चौथा मागे. पहिल्या चार फेऱ्या साध्या खेळाच्या. पाचव्या फेरीपासून ज्या विजापुरी तुकडीने पाणी गाठलेलं नाही तिने दर फेरीला एक फासा टाकायचा. १ किंवा २ आला की एक निळा मणी. निळा मणी लाल मण्याइतकाच मोजायचा, पण तो कुठल्याही विश्रांतीने निघत नाही, फक्त तळ्याला पोचल्यावर निघतो. वीस तुकड्या असतील तर सरासरी सहा-सात तुकड्यांवर दर फेरीला तहान चढते. आता खान काय करील ते पाहा. वाट पाहिली तर फौज वितळते. सगळ्यांना एकदम पुढे लोटलं तर हजाऱ्यांच्या फाशांमुळे दोन सरदार पोचतात, दोन मागे अडकतात, आणि मराठ्यांचा मागचा हजारी बरोबर त्या फटीत शिरतो. मराठा खेळाडूचीही परीक्षा सोपी नाही. समोर मोडकळीला आलेली तुकडी दिसली की तिच्यामागे धावायचा मोह होतो. धावला की तळं उघडं पडतं. संयमाने उभं राहणं हाच त्याचा सर्वांत अवघड हुकूम, आणि म्हणून नियमात त्याचा आकडाही अवघड ठेवावा: शत्रू दहा इंचांच्या आत पाठ दाखवत असेल तर जागेवर थांबायलाही फासे टाकावे लागतील.

खानाच्या बाजूचे दोन सरदार मैदान सोडून गेले की त्याला वाटाघाट मागता येते. मराठा खेळाडूने त्याच क्षणी ठरवायचं, वाट द्यायची की लढाई चालू ठेवायची. प्रतापरावांनी वाट दिली. दमलेल्या घोड्यांना पुन्हा लोटायचं की हाती आलेला विजय गाठीला बांधायचा, हा सरनोबताच्या पायरीवरचा रास्त प्रश्न होता, आणि तो निर्णय रणांगणापुरता मला चुकीचा वाटत नाही. पण प्रतापरावांच्याही वर एक पायरी होती. बहलोलखान सुटला हे शिवाजी महाराजांना रुचलं नाही, आणि थोड्याच महिन्यांत खान परत आलाच. टेबलावर याला एकच उपाय: उंबराणीचा निकाल पुढच्या खेळात न्यायचा. वाट दिली तर मराठ्यांची आजची जीत पक्की, पण पुढच्या डावात खानाला एक जास्तीचा सरदार. लढत राहिले तर उलट.

नेसरीसाठी स्वतंत्र टेबल मांडू नये. सात स्वार विरुद्ध फौज, यात खेळण्यासारखं काही नाही आणि खेळ करण्यासारखंही नाही. पण नेसरीचा नियम उंबराणीच्या पुस्तकात हवा. ‘लायन रॅम्पंट’मध्ये जड चिलखतातल्या युरोपी सरदारांच्या तुकडीला एक खोड लावली आहे: शत्रू टप्प्यात आला की हुकमाशिवाय तुटून पडते. मोठ्या खेळात ही खोड तुकडीला न लावता सरनोबताला लावता येते. सरनोबताचं बाहुलं ज्या हजाऱ्यापासून बारा इंचांच्या, म्हणजे तीनशे मीटरच्या आत असेल त्याला चुकलेला एक हुकूम पुन्हा टाकता येतो. निशाण दिसतं, नौबत ऐकू येते. सरनोबत स्वतः तुकडीला जोडून भिडला तर त्या तुकडीला दोन जास्तीचे फासे मिळतात, पण त्या फेरीत बाकी तिघा हजाऱ्यांना पुन्हा फासे टाकता येत नाहीत. तो पडला तर प्रत्येक हजाऱ्याने लगेच कसोटी द्यायची. दोन फाशांच्या मोहात एक फौज कशी मुकी होते, हे खेळाडूला आपल्याच हाताने कळतं. नेसरीनंतर सरनोबती हंबीरराव मोहित्यांकडे गेली. ते कराडजवळच्या तळबीडचे. १६८७ मध्ये वाईजवळच्या लढाईत तेही तोफेच्या गोळ्याने पडले. सातारा जिल्ह्यातले दोन सरनोबत, दोघेही आघाडीवर गेले. या नियमाला दोघांची नावं द्यावीत असं मला मनापासून वाटतं.

ज्यांना दोन्ही मापं एकत्र खेळायची आहेत त्यांच्यासाठी प्रतापगड आहे. १० नोव्हेंबर १६५९ चा दिवस चकमकही आहे आणि लढाईही. भेटीच्या शामियान्यात एकेक घाव मोजला जातो: महाराज, अफजलखान, सय्यद बंडा, जिवा महाला, आणि थोड्या अंतरावर दोन्हीकडचे मोजके अंगरक्षक. त्याच वेळी खाली पार गावाजवळ आणि जावळीच्या झाडीत हजारो माणसं इशाऱ्याची वाट पाहत दबा धरून बसलेली. इथे चकमकीचे नियम वाढवायचे नाहीत आणि लढाईचे कापायचे नाहीत. दोन टेबलं मांडायची. शामियान्याच्या टेबलावर एक बाहुलं म्हणजे एक माणूस आणि फेरी काही क्षणांची. जावळीच्या टेबलावर एक पुठ्ठा म्हणजे शंभरेक माणसं आणि फेरी पाव तासाची. इथे जमिनीचं मापही बदलावं लागेल, कारण झाडीत फळी धरता येत नाही. पायदळाचे पुठ्ठे एकमेकांपासून चार बोटं दूर ठेवावेत आणि सहा इंचांपलीकडचं कुणालाच दिसत नाही असं धरावं. खानाच्या घोडदळाला झाडीत निम्मी चाल. दोन्ही टेबलांना जोडणारी गोष्ट एकच, गडावरच्या इशाऱ्याच्या तोफा. शामियान्याचा निकाल लागेपर्यंत जावळीत कुणालाही हलता येत नाही, तोफ झाली की मराठे आधी हलतात, आणि खानाच्या सरदारांना पहिल्या फेरीत हुकूमच मिळत नाहीत, कारण हुकूम देणारा उरलेला नसतो. शामियान्यात डाव उलटला तर तोफ होणार नाही, आणि झाडीतल्या मराठा खेळाडूला नुसत्या शांततेवरून काय घडलं ते ओळखावं लागेल. म्हणून दोन्ही टेबलं वेगवेगळ्या खोल्यांत मांडावीत, मधल्या दाराशी पंच बसवावा, आणि तोफेचा आवाज त्यानेच द्यावा.